डोलणारे श्रोते

"गिऱ्हाईक तक्रार करत नाही, मंडळी. ते मुकाट्यानं ऐकतं आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतं," वझरकर सर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तीस इंजिनिअरांना शिकवत होते. "म्हणून यंत्राआधी माणसाचा चेहरा वाचा."

सगळे डावीउजवीकडे डोलत होते. सरांनी जन्मभर कीर्तनं ऐकलेली; श्रोते डोलू लागले की रंग चढला, हे त्यांना पक्कं ठाऊक. पुढचे वर्ग सरांना द्यायचे की नाही, हे आज हेच तीस जण ठरवणार होते. सरांनी मनोमन पांडुरंगाचे आभारही मानून टाकले.

"काही शंका?"

"शंका नाही, सर," पुढच्या रांगेतली तांबोळी म्हणाली. "पण दोन तास तुम्ही पडद्यासमोर उभे आहात. डोकावून डोकावून माना दुखल्या."

"अगं, मग आधी सांगायचं ना."

"गिऱ्हाईक सांगत नाही, सर. पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतं."

सरांनी कान पकडले. "झाला माझा पूर्वरंग. उत्तररंग तुम्ही करा, काय अडतं ते सांगा," म्हणत ते श्रोत्यांत जाऊन बसले. तांबोळी बोलायला उठली, ती नेमकी पडद्यासमोर उभी राहिली.

सर डावीउजवीकडे डोलू लागले.