पोफळीवरून पोफळीवर

"वादळात तुझी किती झाडं पडली?" पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यानं विचारलं.

"माझं एकबी नाय, साहेब. मी निस्ता चढायचो," हिराजी म्हणाला. तलाठी पुढे सरकला.

मालकाची अख्खी पोफळीची बाग आडवी झाली होती. चाळीस वर्षं हिराजी सुपारी काढायला सकाळी विहिरीजवळच्या पोफळीवर चढायचा, ती झुलवून शेजारच्या पोफळीचा शेंडा पकडायचा आणि वरच्या वर झाडं बदलत दुपारी समुद्राकडच्या कुंपणाशी उतरायचा. मधे पाय जमिनीला लागत नसे. लग्न नवं असताना मथुरा भाकरी घेऊन खालून चालायची, मान वर करून ओरडायची, "अवो, उतरा आता! भाकर निवली!" तो हसत आणखी दोन झाडं ओलांडायचा.

"पुन्हा लावू रे. आठ वर्षांत सुपारी लागेल," मालक म्हणाले. हिराजीनं साठी ओलांडली होती.

दुपारी मथुरा भाकरी घेऊन आली. हिराजी कुंपणाजवळच्या आडव्या खोडावर बसला होता, हातात सुपारीचा कोवळा घड. तिनं भाकरी खोडावर ठेवली. मग हळूच म्हणाली, "अवो, उतरा आता."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो एका हाकेत उतरला.