भुताला आख्खं पान

टीव्हीवर दर शुक्रवारी नवं भूत यायचं. शनिवारी कांद्याची रोपं लावताना अंजना त्याची गोष्ट बायांना सांगायची. निकाल द्यायची म्हातारी हुसेनबी. भूत जमलं तर चंचीतलं अर्धं पान, फसलं तर नुसती सुपारी. आख्खं पान कुठल्याच भुताला मिळालं नव्हतं. या शुक्रवारी ऐन वेळी लाईट गेली. अंजनाला वाटलं, आपल्याच वस्तीवरची गेली. बाया हिरमुसतील म्हणून तिनं मनानंच भूत रचलं: दमलेली सून बांधावर झोपते तेव्हा मेलेली सासू येऊन तिचा उरलेला वाफा लावून जाते. शनिवारी ते ऐकताना बायांचे हात रोपांवरच थांबले. हुसेनबीनं डोळ्यांना पदर लावला आणि आख्खं पान पुढं केलं. अंजनाला घेववेना. "मावशी, खरं सांगू?" "नगं सांगू. समद्याच गावात अंधार व्हता," हुसेनबी हसली. "पन मी मेल्यावर तुझ्या वाफ्यात यीन बघ. भिऊ नगंस."