समुद्र डावीकडे

पायडल वर आलं आणि अडलं. सुमेधाने दात आवळून उजवा पाय रेटला, पण नवा गुडघा काही वाकेना. शेवटी तिने पाय सैल सोडला आणि कपाळ हँडलवर टेकलं. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या त्या बेसमेंटच्या खिडकीला बाहेरून अर्ध्यापर्यंत बर्फ लागला होता आणि आज मंगळवार होता.

गुरुवारी डॉक्टर बघणार होते. तोवर या व्यायामाच्या सायकलचा एक तरी पुरा फेरा झाला पाहिजे, नाहीतर पुन्हा भूल देऊन गुडघा जबरदस्तीने वाकवावा लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. भुलीचं नुसतं नावही सुमेधाला नको होतं. मागच्या खेपेला शुद्धीवर आल्यावर ती दोन दिवस घरच्या माणसांना ओळखत नव्हती. फिजिओथेरपीवाली प्रीता इथेच जन्मलेली, पण काकू म्हणायला कधी चुकायची नाही. तिचं म्हणणं, पुढे जात नसेल तर पायडल उलटं फिरवा, उलटं आधी जमतं. सुमेधाला त्याचाच राग. सत्तरी आली म्हणून काय आता सायकल उलटी चालवायची?

"जरा वर बघ की," शेजारच्या स्टुलावरून श्रीराम म्हणाले.

नवऱ्याने टीव्हीवर कुणा सायकलवाल्याचा व्हिडिओ लावला होता. निवांत रस्ता, पाइनची झाडं, खाली निळंशार पाणी. स्पेनचा पूर्व किनारा. सुमेधाने क्षणात ओळखला. एकोणीस वर्षांपूर्वी दोघं तिथे आठ दिवस सायकलवर हिंडले होते.

"अहो, हा उलटा लावलाय तुम्ही. समुद्र डावीकडे दिसतोय. आपण उत्तरेला जात होतो, तेव्हा उजवीकडे होता."

श्रीरामांनी व्हिडिओ तसाच चालू ठेवला.

उलटं कोण गेलं होतं, ते मिनेसोटातल्या यच्चयावत मराठी माणसांना पाठ होतं. पहिले दोन दिवस रस्ता आतल्या डोंगरातून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्याला लागायचं होतं, आणि श्रीराम नेहमीसारखे पुढे सुटले. जाताना सांगून गेले, गावाबाहेर पडलीस की उत्तर धर, दीपगृहापाशी जेवू. सुमेधा गुहागरची. समुद्र पश्चिमेला असतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. उत्तरेला जायचं म्हणजे समुद्र डाव्या हाताला, की झालं. तिने समुद्र डावीकडे घेतला आणि निघाली. पण तिथे समुद्र उगवतीला. बाई निघाल्या दक्षिणेला. फोन दोघांत एकच, तो श्रीरामांच्या खिशात. दिवेलागणीला ते पोलिसांची जीप घेऊन आले, तेव्हा कुठे ती सापडली. तेव्हापासून प्रत्येक गणपतीला, प्रत्येक पार्टीत श्रीराम हा किस्सा रंगवून सांगायचे. आमच्या हिच्या हिशेबाने जगातले सगळे समुद्र पश्चिमेलाच. लोक पोट धरून हसायचे. सुमेधाही हसायची.

खरं मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन समुद्राकडे कलायचं सोडून डोंगराकडे कलायला लागलं, तेव्हाच तिला चूक कळली होती. तरी ती वळली नाही. एका रिकाम्या पुळणीवर बूट काढून बसली, दोघांसाठी आणलेल्या गुळाच्या पोळ्या एकटीने संपवल्या आणि पुन्हा पुढेच निघाली. आपण कुठे आहोत हे या घडीला जगात कुणाला ठाऊक नाही, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. इतकं हलकं तिला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, नंतरही नाही. जीपमधून उतरलेल्या श्रीरामांचा रडवेला चेहरा पाहिला आणि तिने ते सगळं गिळून टाकलं.

टीव्हीवर एक वळण आलं. खाली तीच पुळण.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "दुपारीच. मी मुद्दाम परत वळले नाही. तुम्ही तिकडे जीव टाकत असाल हे माहीत असून."

आता हे चिडणार, असं तिला वाटलं. श्रीरामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "जीप आली तेव्हा सूर्य डोंगरामागे गेला होता, आणि तू अजून पुढेच निघाली होतीस. कोकणातल्या मुलीला सूर्य कुठे मावळतो एवढं कळत नाही होय?"

मग इतकी वर्षं तो पश्चिमेचा किस्सा कशाला, असं तिने विचारलं.

"लोक विचारायचे ना, वहिनी चुकल्या कशा. काहीतरी सांगायला हवं होतं." त्यांनी चष्मा परत चढवला. "हा व्हिडिओ मिळायला मला चार दिवस लागले. सगळे लेकाचे उत्तरेलाच जातात."

ती हसली. हसता हसताच तिने पाय उलटा रेटला. पायडल वर आलं, अडलं, गुडघ्यातून जीवघेणी कळ गेली, आणि ते पलीकडे उतरलं. एक पुरा फेरा. श्रीराम स्टुलावरून उठलेच. प्रीताला फोन करू का, पाणी आणू का, धरू का, त्यांची नुसती धांदल उडाली.

"काही नको," सुमेधा म्हणाली. दुसरा फेरा सुरू झाला होता. "तुम्ही वर जाऊन चहा ठेवा. आणि लगेच शोधायला येऊ नका."

श्रीराम जिना चढून गेले. वरचं दार त्यांनी हळूच ओढून घेतलं.