मागच्या खोलीचं तापमान

नगरपालिकेच्या समितीची गाडी दाराशी थांबली तेव्हा आर्किटेक्टची बायको मागच्या खोलीचा उंबरा पुसत होती. फडकं पिळून तिने गारठलेले लाल हात टॉवेलला पुसले आणि सरबताचे ग्लास मांडायला घेतले.

“आले ते,” आर्किटेक्ट म्हणाला. “आणि असा सुतकी चेहरा नको. शेवटचा तासभर राहिलाय.”

तिने ग्लासांत बर्फ टाकला.

हे घर म्हणजे त्याची अनेक वर्षांची तपश्चर्या होती. नव्या प्रत्येक इमारतीला ऊन अडवणाऱ्या दुहेरी भिंती आणि खेळती हवा सक्तीची करा, एवढ्या एका मागणीसाठी त्याने नगरपालिकेचे उंबरठे झिजवले होते. बिल्डर हसायचे. नगरसेवक चहा पाजून वाटेला लावायचे. शेवटी चिडून त्यानेच सांगून टाकलं, माझं घर तपासा. भर उन्हाळ्यात आठवडाभर ना एसी, ना कूलर. मीटरला सील ठोका आणि शेवटच्या दिवशी टळटळीत दुपारी येऊन खोलीखोलीचं तापमान मोजा.

समितीने एक अट घातली. घरात नेहमी असतात तीच तीन माणसं आठवडाभर राहिली पाहिजेत, एकही कमी-जास्त नको. नाहीतर चाचणी रद्द आणि नियमाचा मसुदा पुन्हा बासनात.

तिसरं माणूस म्हणजे त्याचे वडील. पश्चिमेच्या, मागच्या खोलीत राहणारे. या चाचणीवर त्यांचा पहिल्या दिवसापासून राग.

“अरे, माझ्या खोलीचा तवा झालाय,” ते काठी आपटून म्हणायचे. “आधी कूलर लाव, मग कायदे कर.”

“बाबा, चार दिवस कळ काढा. अख्ख्या शहराचा प्रश्न आहे.”

“मग शहराला म्हणावं, इथे येऊन झोप!”

सुनेने एकदा गुपचूप कूलर आत नेलाही होता. नवऱ्याने त्याची वायरच काढून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. म्हातारं माणूस म्हटलं की कुरकुर आलीच, एवढंच तो म्हणाला. परवापासून मात्र काठीचा आवाज थांबला आणि घरात शांतता झाली.

काल त्याच्या बहिणीचा फोन आला होता. बाबांशी दोन शब्द बोलू दे, म्हणाली.

“झोपलेत,” त्याने सांगितलं.

“मग मी येऊनच जाते.”

“चाचणी संपू दे गं. एक माणूस वाढलं तरी सगळं मुसळ केरात.”

समितीच्या अध्यक्षबाई आत आल्या. त्यांच्यामागे नगरपालिकेचा इंजिनिअर, हातात तापमापक घेऊन. हा गृहस्थ आल्यापासून भिंतींकडे संशयाने बघत होता. सरबताचा ग्लास त्याने उजेडात धरला.

“बर्फ? फ्रिज जोरात चाललेला दिसतोय.”

“विकत आणलाय,” आर्किटेक्ट हसून म्हणाला. “तुमच्या मीटरला धक्का नाही.”

बाहेर बेचाळीस होतं. बैठकीच्या खोलीत तेहतीस भरलं, स्वयंपाकघरात चौतीस. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. इंजिनिअरने नुसतं नाक मुरडलं.

“पश्चिमेची खोली दाखवा. खरी मेख तिथेच असते.”

“तिथे बाबा झोपलेत,” बायको घाईने म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

“झोपू देत की. आम्ही कुठे ढोल वाजवतोय?”

आर्किटेक्टने स्वतः दार लोटलं. आत पडदे ओढलेले होते आणि फिनेलचा वास होता. पलंगावरची चादर चहूबाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत होती. बाबा भिंतीकडे तोंड करून, कानापर्यंत पांघरूण घेऊन पडले होते.

इंजिनिअरने तापमापक पुढे केला. बघितला, झटकला, पुन्हा बघितला.

“सव्वीस.”

“काय सांगता!” अध्यक्षबाई पुटपुटल्या.

“शक्यच नाही. यंत्र लपवलंय कुठेतरी.” त्याने कपाटामागे डोकावलं, बटणांचा बोर्ड चाचपला आणि पलंगाखाली बघायला गुडघा टेकला. आर्किटेक्टच्या बायकोने दाराची चौकट घट्ट धरली.

“अहो, उठा!” अध्यक्षबाई दबक्या आवाजात खेकसल्या. “म्हातारा माणूस झोपलाय आणि तुम्ही रांगताय काय? सील तुम्हीच ठोकलंत ना? मग मीटर वाचा.”

इंजिनिअर गुडघा झटकत उठला. मीटर वाचला. सील जसंच्या तसं होतं आणि आकडा शेजारच्या घरांच्या निम्माही नव्हता. त्याने मुकाट्याने सही केली.

अध्यक्षबाई मात्र अजून मागच्या खोलीच्या दारातच होत्या. त्यांना भरून आलं होतं.

“माझी आई गेल्या उन्हाळ्यात तळमळून काढायची दुपार,” त्या म्हणाल्या. “आणि हे बघा, भर दुपारी पांघरूण घेऊन निजलेत. कसे निवांत!” मग पलंगाच्या दिशेने हळूच म्हणाल्या, “बाबा, मुलाने नाव काढलं हो तुमचं.”

जाताना पायरीवर त्यांनी आर्किटेक्टचा हात हातात घेतला.

“उद्या मंजूर झालंच म्हणून समजा. आणि एक कलम मी स्वतः घालणार. प्रत्येक घरात म्हाताऱ्या माणसाची खोली या खोलीसारखीच बांधायची.”

गाडी वळून दिसेनाशी झाली. आर्किटेक्ट पायरीवरच बसला. त्याचे डोळे पाण्याने भरले, आणि ते आनंदाचं पाणी होतं यात शंका नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या म्हणण्याचं चीज झालं होतं.

बायको दारात येऊन उभी राहिली.

“आता तरी ताईंना कळवू?”

त्याने डोळे पुसले.

“आधी पलंगाखालचा बर्फ मोरीत टाक,” तो म्हणाला. “मग फोन कर. सांग, बाबा आत्ताच गेले.”