डब्याचा रुमाल

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून गडद निळ्या जीन्स टेम्पोने निघायच्या आणि फिकट होऊन परतायच्या. मधे धुतल्या कुठे जातात, हे कुणी सांगत नव्हतं. मालवाहतुकीचा नकाशा करणारी यशोधरा टेम्पोंचं डिझेल आणि लागलेला वेळ जुळवून तो गायब मुक्काम शोधत होती. सकाळपासून अंदाज बदलून बदलून पाहिले, तरी नकाशावरचा बाण बदलापूरपलीकडे तिच्याच गावच्या ओढ्यावर जाऊन टेकायचा. "यशोधरा, फायनल कर ना आता!" साहेब वैतागले. "डेटाच अर्धाय, सर," म्हणत तिने डबा उघडला. डब्याचा पांढरा रुमाल हल्ली निळसरच असायचा. गावी ओढ्याकाठच्या बोअरिंगच्या पाण्यात धुताना आई सढळ हाताने नीळ घालते, असं ती धरून चालली होती. घास तसाच ठेवून तिने फोन लावला. "आई, रुमालाला किती नीळ घालतेस?" "नीळ? अगं, वर्षभर घरात आणलीच नाही मी!"