काठोकाठ ग्लास

"ह्यो रस्ता तुमीच खणून टाकला, सायेब. आन् आता त्याच्यावरच गाडी पारखायला आलाय."

मथुराबाई गॅरेजच्या दारात उभी होती. हातात स्टीलचा ग्लास, पाण्यानं काठोकाठ भरलेला. साहेबांनी गॉगल कपाळावर चढवला आणि ही बाई कोण, म्हणून गुलजारकडे पाहिलं.

"समोरच राहतात. मथुरामावशी," गुलजार म्हणाला. "टेस्टचं पाणी त्यांच्याच घरचं असतं, साहेब."

वाघोलीच्या मागच्या अंगाला गुलजारचं गॅरेज. डोंगरदऱ्यांत फिरायला निघालेल्या हौशी लोकांचे ट्रेलर तो बांधून द्यायचा. आत गादी, ओटा, बेसिन. खाली मजबूत चाकं. त्याची एक पद्धत होती. काम झालं की भरलेला ग्लास ट्रेलरच्या फळीवर ठेवायचा आणि समोरच्या रस्त्यानं विहिरीपर्यंत जाऊन यायचं. पाणी सांडलं तर गाडी परत जॅकवर.

रस्ताही तसाच होता. नळाची लाइन टाकायची म्हणून साहेबांच्या खात्यानं तो मधोमध खणला. लाइन आली नाही. चर राहिला, खडी राहिली, आणि मथुराबाईच्या ग्लासात टँकरचं पाणी राहिलं. गुलजार गिऱ्हाइकांना सांगायचा, "लडाख नंतर बघा, आधी आमच्या दारात पास व्हा." गिऱ्हाइकं हसायची. मथुराबाईही हसायची. सोनबा, तिचा नवरा, त्या चरात पडून खुब्याचं हाड मोडून घेईपर्यंत.

"कोणी खणला, कधी खणला, ते ऑफिसात येऊन विचारा," साहेब म्हणाले. "आज माझी सुट्टी आहे."

"ह्या कामाचा नारळ फोडलात तवा बी सुट्टीच व्हती का? हात धुवायला पानी मीच दिलं व्हतं."

साहेबांनी ग्लास तिच्या हातातून घेतला, जीपमागे जोडलेल्या आपल्या ट्रेलरमध्ये फळीवर ठेवला, दार लावलं आणि जीप सुरू केली. गुलजार शेजारी बसला.

जुने कमानपाटे काढून गुलजारनं दोन्ही चाकांना वेगवेगळे स्प्रिंग आणि शॉकअप बसवले होते. टायर नवे, रुंद, खोल खाचांचे. एक चाक चरात उतरलं, दुसरं खडीवर चढलं, पण वरचा डबा पाळण्यासारखा नुसता झुलला. मथुराबाई बघत राहिली. आठवड्यापूर्वी, खुब्याच्या ऑपरेशननंतर तपासणीला नेताना, ह्याच ठिकाणी सोनबा रिक्षात असा किंचाळला होता की रिक्षावाल्यानं वळवून त्याला परत घरी आणून टाकलं. आता टाक्यांतून पू येत होता. अंगात ताप होता. अँब्युलन्सवाले फोनवर म्हणाले, पेशंटला मेन रोडला आणा.

जीप परत आली. साहेबांनी स्वतः दार उघडलं.

"थेंब नाही सांडला! गुलजार, थेंब नाही! अरे, असल्या रस्त्यावर!" त्यांनी ग्लासाचा फोटो काढला. मग रस्त्याचाही काढला. "हा रस्ता तुम्ही जपून ठेवा. असा ट्रॅक पैसे देऊन मिळत नाही."

गुलजार सवयीनं हसायला गेला. मथुराबाईकडे लक्ष गेलं आणि तोंड तसंच राहिलं.

"सायेब," तिनं ग्लास परत घेतला, "माझ्या मान्साला ह्यात घाला. मेन रोडपत्तूर. तिथं गाडी हुबी हाय. त्याला दवाखान्यात न्यायाचं हाय."

"अहो आजी, ट्रेलरमध्ये माणूस बसवायला कायद्यानं बंदी आहे."

"आन् रस्ता खणून तसाच टाकायला?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "गादी नवी आहे हो. उद्या फॅमिलीला घेऊन स्पितीला निघायचंय. जखम म्हणता, पू म्हणता. लहान मुलं झोपणार आहेत तिथे."

"मी खाली प्लास्टिक अंथरतो, साहेब," गुलजार म्हणाला. "एकदम हळू नेतो. पाणी सांडलं नाही, सोनबाचाचांना काय होणार?"

"गुलजार, गाडी कोणाची आहे?"

गुलजारनं मान खाली घातली. फडक्यानं तो नवा टायर पुसू लागला. टायर स्वच्छ होता. तरी पुसत राहिला. ह्या साहेबांचे आणखी दोन मित्र ट्रेलर घेऊन येणार होते. आणि खरं सांगायचं तर रस्ता दुरुस्त व्हावा, असं त्यालाही कधी मनापासून वाटलं नव्हतं.

समोरच्या घरातून कण्हण्याचा आवाज आला. मग सोनबाचे शब्द. "मथुरे, जाऊंदी त्यास्नी. नगं हात जोडू."

"जोडलेच न्हाईत," मथुराबाई मोठ्यानं म्हणाली.

साहेब जीपमध्ये बसले. काच वर केली. इंजिन सुरू झालं. मथुराबाई चालत पुढे आली आणि जीपच्या समोर उभी राहिली. साहेबांनी हॉर्न वाजवला. ती हलली नाही. पुन्हा वाजवला. तिनं ग्लास बॉनेटवर ठेवला, आणि हात काढून घेतले.

काठोकाठचं पाणी इंजिनाबरोबर थरथरू लागलं. पहिला थेंब काठावरून खाली घरंगळला.

"पानी न्हेलं, तसंच्या तसं आनून दिलं," ती काचेतून आत बघत म्हणाली. "माझा मानूस कसा न्यायचा? त्ये सांगा, आन् मग गाडी हालवा. सांगा की, सायेब!"