सगळ्यांचा चहा

पाडव्याला बिरदेवापुढं भंडारा उचलून वैजूच्या अण्णांनी दारू सोडली, आणि आखाड उजाडायच्या आत कडब्याच्या गंजीत बाटली सापडली. शोधली नेहमीसारखी दादानेच.

"देवाचा भंडारा उचलून बी हेच का, अण्णा?"

"माझी न्हाय रं ती," अण्णा पुटपुटले. पण दादाचा शब्द म्हणजे वैजूला काळ्या दगडावरची रेघ! आईने तर डोळे पुसत सांगूनच टाकलं, "आता आणिक एक बाटली घावू द्या, वैजूला घिऊन मी शेळगावला म्हायेरी चालले."

दहावीच्या वर्षात शाळा सोडायची? छे! दारू सोडवणारा दवाखाना पार पुण्यात, म्हणून एस.टी.त चिकटवलेली 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' ही जाहिरात वाचून वैजूने गुपचूप बारामतीहून पुडी आणली. "चहातनं दे. वरनं दारू ढोसली की भडाभडा ओकंल, न पिणाऱ्याला काय बी व्हत न्हाय," दुकानदाराने समजावलं. अण्णांना संशय नको, म्हणून सकाळी तिने ती घरातल्या सगळ्यांच्याच चहात ढवळली.

दिवेलागणीला गोठ्यामागून ओकाऱ्यांचा आवाज आला. वैजू बॅटरी घेऊन वाऱ्यासारखी धावली. "अण्णा, सापडलात की नाही!"



दादाचं कपाळ धरून उभे असलेले अण्णा म्हणाले, "वैजे, आधी पाणी आण गं, पोराला काय बाधलंय कुणास ठाऊक."